वरच्या गावाचा रस्ता

खालच्या गावात कुणाची गाडी थांबली, की ती रस्ता चुकली आहे असंच सगळे धरून चालत. आणि रस्ता सांगायचं काम, कुणी नेमलेलं नसताना, थोरलीचं होतं. तिचं दुकान अगदी फाट्यावर. पाव, अंडी, साबण, खिळे, छाटणीच्या कात्र्या, आणि खिडकीशी दोन खुर्च्या टाकून चहा. गाडीवाल्यानं काच खाली करून तोंड उघडायच्या आत थोरलीचा हात वर गेलेला असायचा. "सरळ वर जा. चढ संपला की डावीकडे. पाट्याच पाट्या आहेत, चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही." गाडीवाला आभार मानायचा, काच वर करायचा आणि त्याची धूळ पावांवर बसायची.

हात वर करताना तिच्या पोटात दुखायचं. रोज दुखायचं. दाढ दुखते तसं, म्हणजे सवय होते पण दुखायचं थांबत नाही. कारण त्या चढाच्या टोकाला, पाट्यांच्या त्या गर्दीत, तिच्या धाकट्या जावेची पाटी होती.

दोघी एकाच घरात सुना म्हणून आलेल्या. सासऱ्यांच्या द्राक्षबागेचे दोन वाटे झाले, तेव्हा कुणी कुठला घ्यायचा हे ठरवायला सगळे स्वयंपाकघरात बसले होते. नदीकाठचा तुकडा काळ्या मातीचा, पाण्याचा. वरचा नुसता खडक. तिथले वेलसुद्धा जीव मुठीत धरून जगायचे. थोरलीनं नवऱ्याला टेबलाखालून कोपर मारलं आणि त्यानं नदीकाठचा मागून घेतला. धाकटी त्या दिवशी मोरीत तोंड धुवायला म्हणून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. थोरलीला तिची कीव आली होती. कीव करायला किती छान वाटतं, हे तिला तेव्हाच कळलं, आणि ती संधी पुन्हा काही आली नाही.

कारण पुढे वरच्या गावात कुणीतरी काचेच्या भिंतींची वाइनरी बांधली. तिथून म्हणे सूर्यास्त दिसतो. सूर्य खालीही मावळत होताच, पण ते पाहायला कुणी पैसे देत नव्हतं. वर रस्ता रुंद झाला, दिवे आले, चाखायला येणारे आले. चाखून झाल्यावर गाडी चालवणं बरं नाही म्हणून मुक्कामाला राहणारे आले. धाकटीनं खडकावर खोल्या बांधल्या. खडक पायाला उत्तम असतो.

धाकटी खडूस असती तर थोरलीचे निम्मे हाल वाचले असते. पण ती गोड होती. "ताई, तुम्हाला चालतील का बघा," म्हणत जुने पडदे पाठवायची. दुकानाच्या खिडकीशी ठेवलेल्या त्या दोन खुर्च्याही तिनंच पाठवलेल्या. खोल्यांमध्ये नव्या आल्या, मग या खाली आल्या. थोरली त्यांच्यावर गिऱ्हाइकांना बसवायची, स्वतः मात्र कधी बसली नाही.

खालचं गाव तसं होतं तरी काय? एक गल्ली. ती इतकी अरुंद, की काढणीच्या दिवसांत क्रेट लादलेले ट्रॅक्टर दोन्हीकडच्या भिंतींना घासत जायचे, आणि भिंतींवर कमरेच्या उंचीला एक जांभळा पट्टा उमटलेला असायचा. कुणी रंग दिला तरी पुढच्या काढणीला तो पुन्हा तिथेच. गल्लीच्या तोंडाशी झऱ्याचं पाणी येणारी धुणं धुवायची दगडी टाकी. तिच्या कडेचे दगड बायकांच्या गुडघ्यांनी खोलगट झालेले. पलीकडे वाइनची लाकडी पिंपं बांधणाऱ्या पिंपवाल्याचं छप्पर. दुपारी सगळं निजलं की त्याच्या हातोडीचा आवाज गावभर. घरांच्या मागच्या दारापर्यंत वेलींच्या रांगा आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला एक गुलाबाचं झाड, कारण रोग आला तर आधी गुलाबावर दिसतो. गुलाब फुलायचेही, पण त्यांच्याकडे सगळे पानं तपासायलाच वाकायचे.

थोरली हे सगळं रोज बघत होती. त्यामुळे तिला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. जेवताना तिचं एकच पालुपद. "वर परवा दिव्यांच्या माळा लावल्या. वर आता म्हणे गाणंबजावणं असतं. आपल्याकडे काय आहे? चिखल." नवरा खाली मान घालून जेवायचा. तो वेलींची छाटणी करणारा माणूस. जास्तीचं वाढू द्यायचं नाही ही त्याची सवय बोलण्यालाही लागली होती. समोर बसलेली लेक मात्र ऐकत ऐकत मोठी झाली. एकुलती एक, हुशार, आईसारखीच तोंडाळ, आणि आईचं असं काही होतं तर ते ही लेक. जावेला मुलगी नव्हती, दोन मुलगे होते आणि दोघेही लांब शहरात. एवढ्या एका बाबतीत थोरलीची बाजू वरचढ होती, आणि ती तिनं मनात जपून ठेवली होती.

एके दुपारी, काढणी संपत आलेली असताना, दुकानापुढे एक छोटी गाडी थांबली. गाडीतून एक म्हातारा उतरला. त्यानं काच खाली करून न विचारता सरळ खाली उतरावं, इथंच थोरली गडबडली. तरी हात वर गेलाच.

"सरळ वर जा. चढ संपला की..."

"वर नाही जायचं," म्हातारा म्हणाला. "मला हेच गाव बघायचंय."

"हे?"

"हेच."

"अहो, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. सगळे वर जातात. इथं काही नाही."

म्हातारा हसला. तो बसचा निवृत्त ड्रायव्हर होता. नोकरीभर याच रस्त्यानं बस नेली म्हणाला. खालच्या गावाचा थांबा हात केला तरच थांबायचा, आणि हात कुणी करत नसे. त्यामुळे टाकी, गल्ली, गुलाब हे सगळं त्यानं वर्षानुवर्षं चालत्या बसमधून पाहिलेलं. एकदा उतरून बघायचं होतं, एक रात्र राहायचं होतं, ते राहून गेलं होतं.

दुसरं कुणी असतं तर खुर्ची पुढे केली असती. थोरलीला मात्र लाज वाटली. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती, पण तिच्या भिंतीला ओल आली होती. पलंगाचा एक पाय विटेवर. परक्या माणसाला ते दाखवायचं? आणि त्यानं उद्या वर जाऊन धाकटीच्या खोल्या पाहिल्या म्हणजे? "मुक्कामाची सोय इथं नाही होत," ती म्हणाली. म्हातारा गल्लीत गेला. तिथे पिंपवाल्यानं काम थांबवून त्याला अगदी आपुलकीनं सांगितलं, "आजोबा, चुकलात. ते वर." टाकीवरच्या बायकांनी ओल्या हातांनी रस्ता दाखवला. एकीनं तर धुणं टाकून त्याला फाट्यापर्यंत आणून सोडलं, बिचारा हरवला म्हणून. अख्ख्या गावानं मिळून, मनापासून, एकुलत्या एका पाहुण्याला गावाबाहेर काढलं.

थोरलीला त्याची दया आली. "हिला घेऊन जा," तिनं लेकीला पुढे केलं. "जावेकडे अंडी पोचवायचीच आहेत. ती खोली मिळवून देईल तुम्हाला." आणि अंड्यांच्या टोपलीसकट लेक त्या गाडीत बसली.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. सकाळी त्या ड्रायव्हरला घेऊन खाली आली होती म्हणे, दुकानाच्या मागून, बागेतून. आई कटकट करील म्हणून पुढून आलीच नाही. त्यानं प्रश्न विचारले, हिनं उत्तरं दिली. आदल्या रात्री धाकटीकडे जेवतानाही हीच बोलत होती आणि बाकीचे पाहुणे खुर्च्या ओढून ऐकत बसले होते. धाकटीनं ते पाहिलं. धाकटीला खोल्या बांधता आल्या, पण पाहुण्यांशी बोलता येत नव्हतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

आठवडा गेला आणि धाकटी स्वतः खाली आली. हातात केक. ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर, म्हणजे आपल्याच जुन्या खुर्चीवर, बसली.

"ताई, रागावू नका, पण मला एक माणूस हवंय. कायमचं. राहायला स्वतंत्र खोली देईन. तुमची लेक म्हणजे माझीच की."

शेवटच्या वाक्याला थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिला विचार," ती म्हणाली, लेक नाही म्हणणार या खात्रीनं.

"मी हो म्हटलंय, आई," लेक आतून म्हणाली.

धाकटी गेल्यावर जे भांडण झालं ते टाकीवर ऐकू गेलं. थोरलीनं काय काय काढलं! वाटणीपासून पडद्यांपर्यंत सगळं. "माझी गिऱ्हाइकं नेली, माझी झोप नेली, आता पोटची पोर न्यायला आली ती! आणि तू निघालीस? इथं काय कमी आहे तुला?"

"हे तू विचारतेस?" लेक शांतपणे म्हणाली. "आई, मी बोलायला लागल्यापासून तू मला सांगत आलीस की सगळं वर आहे. मी ऐकलं तुझं."

 नवऱ्यानं पाण्याचा पेला थोरलीकडे सरकवला. "जाऊ दे तिला. परदेशी चाललीय का? चढच तर आहे," तो म्हणाला, आणि त्या रात्री जेवण ताटातच राहिलं.

लेक गेली. थोरली वर गेली नाही. छाटणी सुरू झाली, संपली, तरी गेली नाही. लेक रविवारी खाली यायची, तेव्हा तिच्या तोंडी "काकू म्हणतात", "काकूंनी आणलं", "काकूंना आवडतं". थोरली मूग गिळून ऐकायची आणि ती गेल्यावर उगाच कपाटं आवरायची. आतापर्यंत जावेच्या गाड्या, जावेच्या खोल्या, जावेचे दिवे यांचा तिला हेवा वाटला होता. ते सगळं आता पोरखेळ वाटायला लागलं.

थंडी वाढली आणि लेकीचा जाड कोट घरीच राहिलेला दिसला. खुंटीवर टांगलेला, खिशात तिचा रुमाल. थोरलीनं दोन दिवस तो पाहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हातावर घेतला आणि ज्या रस्त्यावर तिनं आयुष्यभर लोकांना धाडलं, त्या रस्त्यानं चालू लागली.

धाकटीच्या घराचा व्हरांडा ऊबदार होता. आतून बोलण्याचा आवाज येत होता, म्हणून ती कोट घेऊन दारातच थांबली. जेवणाच्या लांब टेबलाभोवती पाहुणे बसले होते. शेगडीपाशी, पाठ दाराकडे करून, लेक उभी होती. धाकटी बशा गोळा करत होती.

"...सकाळी खाली धुकं असतं," लेक सांगत होती. "इथून बघितलं तर आमचं गाव दिसतच नाही. पण आत गेलात की आवाज फार जवळ येतात. कुणी दोन घरं पलीकडे चमचा ठेवला तरी कळतं. आणि भिंतींवर जो जांभळा पट्टा आहे ना, त्याला आम्ही लहानपणी जीभ लावायचो. कोण जास्त वेळ लावतं अशी पैज. आणि वसंतात थंडी परतली, की वेलींचे कोवळे डोळे, म्हणजे नवे कोंब, जळू नयेत म्हणून सगळं गाव पहाटे बागेत. रांगांमधून छोटे छोटे जाळ लावतात. नदीपासून घरांपर्यंत नुसते जाळ. मी तेवढं सुंदर दुसरं काही पाहिलं नाही."

थोरलीला अभिमान वाटायला हवा होता. वाटला मत्सर. या लोकांना, जे परवा कुठे होते आणि परवा कुठे असतील कुणास ठाऊक, त्यांना बसल्या जागी आपली लेक हे देतेय. मला नाही कधी दिलं. त्यातली एक जाड भिंगांची बाई तर तोंडाचा आ करून ऐकत होती, जणू तिच्यासाठीच सगळं चाललंय. थोरलीला तिला खुर्चीवरून उठवावंसं वाटलं.

"जाळ नाहीत ते," ती दारातूनच म्हणाली.

सगळे वळले. लेकही.

"पत्र्याचे डबे असतात. त्यात मेण. जाळ केला तर वेलच करपेल." थोरली आत आली. कोट तसाच हातावर. "आणि सगळे एकदम लावत नाहीत. नदीकडून सुरुवात करायची, थंडी तिकडून चढते. पुरुष डबे पेटवत पुढे, बायका मागून झाकणं सारखी करत. कुणी बोलत नाही. का विचाराल तर ठाऊक नाही, पण कुणी बोलत नाही. मग उजाडतं आणि एकेक डबा झाकत परत यायचं. तोंडं काळी झालेली. एकमेकांकडे बघून हसायला येतं. ही तान्ही होती तेव्हा," तिनं लेकीकडे बोट केलं, "हिला क्रेटमध्ये घालून रांगेच्या टोकाला ठेवली होती, गुलाबाखाली. डब्याची ऊब लागेल एवढ्या अंतरावर. मी प्रत्येक रांग संपवून हिला बघायला यायची. रडायची नाही. डोळे टक्क उघडे आणि डोळ्यांत सगळे डबे."

जाड भिंगांची बाई हलकेच म्हणाली, "अहो, मग आम्हाला खाली थांबा असं कुणी सांगितलं का नाही?" आणि तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. हा चेहरा उतरलेला पाहायला थोरली अर्धं आयुष्य थांबली होती. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती लेकीकडे बघत होती, आणि लेक तिच्याकडे असं बघत होती, जणू कुणी नवीनच बाई आत आली आहे.

लेकीनं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"क्रेटचं मला माहीत नव्हतं."

"एवढीशी होतीस. कसं माहीत असणार?"

"तसं नाही गं. तू कधी सांगितलंच नाहीस. यातलं काहीच. त्यांना आल्या आल्या सांगितलंस."

थोरलीनं कोट खुर्चीवर ठेवला, बाही सरळ केली. "तू घरातलीच ना," ती म्हणाली. "तुला काय सांगायचं? तू काय कुठे जाणार होतीस?"

लेकीनं आईच्या खांद्याला कपाळ टेकलं.  बाहेर बशांचा आवाज चालला होता. "परत ये" हे शब्द थोरलीच्या जिभेवर आले, पण तिला ते म्हणता येईनात. परत ये कशाला, असं लेकीनं विचारलं तर आज पहिल्यांदा तिच्याकडे उत्तर होतं. पण तेच उत्तर लेकीनं आता दुसऱ्यांना सांगायला घेतलं होतं, आणि ते सांगताना तिचा चेहरा किती उजळला होता हे थोरलीनं दारातून पाहिलं होतं.

"उद्या येतील ते सगळे खाली," लेक डोळे पुसत म्हणाली. "मी घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीची व्हॅन धुक्यातून उतरली आणि फाट्यावर थांबली. लेक पुढून उतरली, मागून पाहुणे. थोरलीनं दुकानाला कुलूप लावलं, भर दिवसा, जे तिनं कधी केलं नव्हतं, आणि घोळक्याच्या शेवटी जाऊन उभी राहिली. लेक पुढे चालत होती, हात हलवत सांगत होती. टाकीवरच्या बायका धुणं थांबवून बघत राहिल्या. त्यांना वाटलं एवढे लोक एकदम कसे चुकले. पिंपवाल्यानं सवयीनं तोंड उघडलं आणि लेकीनं डोळे वटारल्यावर मिटलं. गल्लीत एक गृहस्थ भिंतीला जीभ लावून बघत होता आणि बाकीचे हसत होते. थोरली ऐकत होती. काही चुकलं तर सांगावं म्हणून आली होती, पण लेकीचं आज काही चुकलं नाही. डबे, मेण, नदीकडून सुरुवात, सगळं बरोब्बर सांगितलं.

"तुमचीच ना मुलगी?" जाड भिंगांच्या बाईनं चालता चालता विचारलं. "काय छान सांगते हो!"

"माझीच," थोरली म्हणाली.

दुपारी दुकानात सगळ्यांनी चहा घेतला, सगळा पाव संपवला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लेक उभ्यानंच प्यायली. नवरा बागेतून आला, दारात एवढी माणसं पाहून परत फिरला आणि मागच्या दारानं घरात शिरला. थोरली चहा ओतत होती आणि मनात ठरवत होती: हे गेले की लेकीला बसवायचं, पाय शेगडीजवळ घ्यायला सांगायचं, गरम काहीतरी खायला घालायचं.

मग लेकीनं घड्याळ पाहिलं. "चला, उजेड आहे तोवर निघू," ती म्हणाली, आणि आधी पाहुणे चढले, मग ती. खिडकीची काच खाली करून तिनं आईचा हात धरला. "आई, शनिवारी दुसरे येणारेत. त्यांनाही आणते."

"आण," थोरली म्हणाली.

व्हॅन चढाला लागली. थोरली फाट्यावर उभी होती. तिथं उभं राहून तिनं गाड्यांचा हेवा केला होता, दिव्यांचा केला होता. आता ती फक्त एका गोष्टीचा विचार करत होती. थोड्या वेळानं व्हॅन वर पोचेल, लेक घसा बसलेली, थंडीनं गारठलेली अशी स्वयंपाकघरात शिरेल, आणि धाकटी तिच्यापुढे खुर्ची ओढून विचारेल, "दमलीस का गं?"

आणि लेक सांगेल.